गळीत हंगामात कॅरव्हॅन घेऊन निघताना

मार्च-एप्रिल आला की ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांतून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. जूनमध्ये आईबाबा येतायत, मुलांना सुट्टी आहे, ब्रिस्बेनहून केर्न्सपर्यंत कॅरव्हॅननं जायचं म्हणतोय. माझं लायसन्स चालेल का? आईबाबांना मागे आडवं होऊन येता येईल का? उसात उतरून फोटो काढले तर कुणी ओरडेल का? आणि हमखास सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली आणून : त्या संडासाचं काय करायचं असतं हो?

उत्तरं खाली देते आहे, संडासाचंही. पण बहुतेकांची सहल बिघडते ती यातल्या कशानंही नाही, नकाशानं बिघडते. ब्रूस हायवे ब्रिस्बेन ते केर्न्स जवळजवळ १,६८० किलोमीटर आहे, म्हणजे कोल्हापूरहून दिल्ली. दहा दिवसांत जाऊन-येऊन करायला निघालेली मंडळी ऊस बघत नाहीत, फक्त समोरच्या ट्रकचं मागचं दार बघतात. म्हणून पहिला सल्ला हाच की अख्खा रस्ता करू नका, त्याचा एक तुकडा निवडा.

कधी निघावं

क्वीन्सलंडचा गळीत हंगाम साधारण जूनमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबर, कधी डिसेंबरपर्यंत चालतो. कारखान्यांची धुराडी, उसाची रेल्वे, तोडणीची यंत्रं हे सगळं बघायचं तर जून ते सप्टेंबर उत्तम. हवा कोरडी, रात्री थोडी थंडी, डास कमी.

- जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा क्वीन्सलंडच्या शाळांच्या हिवाळी सुट्टीचा. समुद्रकाठचे कॅरव्हॅन पार्क कित्येक महिने आधीच भरतात. शिवाय दक्षिणेकडची निवृत्त मंडळी थंडी चुकवायला वर आलेली असतात ती वेगळीच. आधी पार्क पक्के करा, मग गाडी.
- ऑगस्ट माझ्या मते सर्वांत चांगला. शाळेतून आठवडाभराची रजा मिळवता आली तर मिळवा.
- नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे आणि पुराचे महिने. फेब्रुवारी २०२५ च्या पुरात टाउन्सव्हिल आणि इंगहॅमच्या मधला ऑलेरा क्रीकवरचा पूल खचला आणि हायवेच तुटला. त्या दिवसांत भाडं स्वस्त दिसतं, कारण शहाणी माणसं जात नाहीत.

रोज निघण्याआधी क्यूएलडी ट्रॅफिकच्या ॲपवर रस्ता बघा किंवा १३ १९ ४० ला फोन करा. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, पुढचा गेला म्हणून तर मुळीच नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये या हायवेसाठी ७२० कोटी डॉलर जाहीर केल्यापासून कामंही बरीच निघालेली दिसतील. दिवसाला तासभर त्यातच जातो असं धरा.

कुठला तुकडा

*पाच-सहा दिवस असतील तर* ब्रिस्बेन ते बंडाबर्ग, फार तर अ‍ॅग्नेस वॉटरपर्यंत. बंडाबर्गच्या बोटॅनिक गार्डनमधल्या फेअरीमेड हाउसमध्ये साखरधंद्याचं छोटं संग्रहालय आहे आणि बागेत रविवारी जुनी उसाची आगगाडी मुलांना फिरवते. म्हणजे मुक्काम शनिवार-रविवारचा ठेवा.

*दहा-बारा दिवस असतील तर* मकाय ते केर्न्स, आणि मी स्वतः हाच सुचवेन. विमानानं मकायला उतरा, गाडी तिथून घ्या, केर्न्सला सोडा. एकाच दिशेच्या भाड्याला जादा पैसे पडतात, पण परतीचं डिझेल आणि चार दिवस वाचतात. तशी गाडी मकायला मिळाली नाही तर टाउन्सव्हिल-केर्न्स-टाउन्सव्हिल करा.

*रॉकहॅम्प्टन ते मकाय* हा जवळपास ३३५ किलोमीटरचा पट्टा मुलांना घेऊन करू नका असं म्हणणार नाही, पण तो लांब, सपाट आणि झोप आणणारा आहे. सरकारनंच कडेला कोड्यांच्या पाट्या लावल्यात, प्रश्न एका पाटीवर आणि उत्तर काही अंतरावर पुढे. मुलांना पाट्या वाचायला बसवा. तेवढाच चालकही जागा राहतो.

सिडनीहून येणाऱ्यांसाठी एक थांबा. न्यू साउथ वेल्समधल्या वूलगूल्गा गावात १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा उभा राहिला. उत्तरेच्या उसाच्या फडात राबलेली पंजाबी मंडळी १९४० च्या दशकात तिथे केळीच्या बागांवर आली, तिची ही वस्ती.

कॅरव्हॅन, मोटरहोम की केबिन

तुम्ही आयुष्यात कधी काही ओढून नेलेलं नसेल तर आईबाबा आणि मुलं गाडीत असताना शिकायला सुरुवात करू नका.

- ओढायची कॅरव्हॅन : पार्कात सोडून गाडी घेऊन फिरता येतं, हा मोठा फायदा. मागे घेताना नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं. आदल्या रविवारी रिकाम्या मैदानात दोन तास सराव करा.
- मोटरहोम : चालवायला सोपी, पण दूध आणायचं तरी अख्खं घर घेऊन जावं लागतं.
- केबिन : बहुतेक कॅरव्हॅन पार्कांत ओटा, न्हाणीघर असलेल्या केबिन असतात. गुडघे दुखणारे आईबाबा असतील तर त्यांना केबिन आणि तुम्ही शेजारी कॅरव्हॅनमध्ये, ही वाटणी फार छान जमते. मोटरहोमच्या वरच्या बर्थवर शिडीनं चढायला सत्तरीतल्या माणसाला सांगू नका.

लायसन्स, वजन आणि पट्टे

साध्या कारच्या लायसन्सवर साडेचार टनांपर्यंतची मोटरहोम चालवता येते. तुमचे भाऊ-मेहुणे पर्यटक व्हिसावर आले असतील तर महाराष्ट्रातलं इंग्रजी मजकुराचं वैध लायसन्स चालतं. भाड्याच्या कंपनीसाठी आंतरराष्ट्रीय परवानाही बरोबर ठेवलेला बरा. मात्र करारात ज्या चालकाचं नाव नाही त्यानं पाच मिनिटंही स्टिअरिंग धरायचं नाही. तेवढ्यात ठोकली तर विमा हात वर करतो.

वजनाचं गणित कुणी करत नाही, म्हणून उदाहरणच घेऊ. कॅरव्हॅनच्या पाटीवर रिकामं वजन आणि कमाल वजन यांत ४०० किलोचा फरक असेल. ८० लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या भरल्या की १६० किलो गेले. नऊ किलोचे दोन गॅस सिलिंडर नळकांड्यासकट चाळीसेक किलो. उरले दोनशे. त्यात चौघांचे कपडे, तंबू, खुर्च्या, कुकर आणि आईनं आग्रहानं दिलेलं दहा किलोचं तांदळाचं पोतं. जड सामान चाकांच्या वर आणि खाली तळाशी ठेवा. मागच्या टोकाला कोंबलंत तर कॅरव्हॅन वेगात डोलायला लागते. गाडीच्या हूकवर येणारा भार साधारण एकूण वजनाच्या दहा टक्के असावा.

- ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही. आडवं होऊन तर नाहीच. मोटरहोममध्येही पट्टा असलेल्या सीटवरच. सहा झोपायच्या जागा म्हणजे सहा पट्टे असं नसतं. बुक करताना पट्टे मोजून विचारा.
- सात वर्षांखालच्या मुलांना वयाप्रमाणे चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचं. भारतातून, अमेरिकेतून आणलेली सीट चालत नाही, ऑस्ट्रेलियन मानकाचं लेबल लागतं.
- पट्टा खांद्यावरूनच हवा. आपल्या आयांना तो टोचतो, म्हणून त्या हळूच काखेखालून घेतात. रस्त्यावरचे कॅमेरे नेमकं हेच टिपतात. दंड हजार डॉलरच्या वर आणि लायसन्सवर चार गुण.
- गाडी आणि कॅरव्हॅन मिळून साडेसात मीटर किंवा जास्त झाली की कायद्यानं तुम्ही लांब वाहन. गावाबाहेर दुसऱ्या लांब वाहनामागे ६० मीटर अंतर ठेवायचं, ओव्हरटेक करत नसाल तर.

करार वाचताना

कमी भाड्याच्या मागे बहुतेक वेळा मोठी एक्सेस लपलेली असते, म्हणजे नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. ती काही हजार डॉलर असू शकते. सही करण्याआधी एवढं शोधा : छत, गाडीचा तळ आणि चांदणी (ऑनिंग) विम्यात आहेत का? कच्चा रस्ता, रात्रीचं चालवणं, दुसरं वाहन नसताना झालेला अपघात, यांना विमा लागू आहे का? ब्रिस्बेनचे टोल कोण भरणार? तिथे रोख टोलनाका नसतो, आणि न भरलेल्या टोलवर कंपनी आपली फी लावते.

गाडी ताब्यात घेताना सलग व्हिडिओ काढा, चांदणी पूर्ण उघडून. आम्हाला परत देताना चांदणीतल्या फाटक्या शिवणीचे ६४० डॉलर लावले होते. व्हिडिओत ती शिवण पहिल्याच दिवशी फाटलेली होती, माझ्या नवऱ्याचा आवाजही होता, "ही बघ, इथे आधीच उसवलंय." तीन दिवसांत पैसे परत आले.

व्हिडिओ असूनही ऐकत नसतील तर :

- तपशीलवार बिल आणि दुरुस्तीचा पुरावा लेखी मागा. फोनवर वाद घालू नका.
- ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार सेवा योग्य काळजीनं द्यावी लागते आणि छापील करारातली अन्याय्य अट बेकायदा ठरते. "सही केलीत ना" हे उत्तर पुरेसं नाही.
- पुढची पायरी क्वीन्सलंडचं ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग. तिथे मिटलं नाही तर क्यूकॅट हे न्यायाधिकरण, जिथे २५,००० डॉलरपर्यंतचे दावे सहसा वकिलाशिवाय चालतात.

उसाची रेल्वे

नेरळ-माथेरानच्या गाडीचा रूळ जेवढा अरुंद, तेवढाच इथल्या उसाच्या रेल्वेचा : ६१० मिलिमीटर. क्वीन्सलंडभर असे सुमारे ४,००० किलोमीटर रूळ पसरलेत, घरांच्या मागून, शाळेसमोरून, हायवे ओलांडून. खेळण्यातली गाडी वाटते म्हणून लोक फसतात. भरलेली गाडी शेकडो टनांची असते आणि ब्रेक लावला तरी लगेच थांबत नाही. हंगामात ती रात्रंदिवस धावते, कारण तोडलेला ऊस तासांच्या हिशेबात गाळावा लागतो.

हायवेवरच्या बऱ्याच फाटकांना लाल दिवे असतात. आडरस्त्यांवर मात्र नुसती "थांबा" किंवा "वाट द्या" अशी पाटी, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. काच खाली करा, गाणी बंद करा, कान द्या. पलीकडे कॅरव्हॅनच्या मागच्या चाकासकट पूर्ण जागा मोकळी दिसेपर्यंत रुळावर चढू नका. गाडी आणि कॅरव्हॅन मिळून बारा-चौदा मीटर सहज होते. एक गाडी गेली की लगेच निघू नका. आणि बाजूच्या रुळावर उभ्या रिकाम्या डब्यांवर मुलांना चढवून फोटो नकोत, ते डबे न सांगता हलतात.

होम हिलजवळ एका फाटकाशी आम्ही असे थांबलो होतो. माझे सासरे वाळवा तालुक्यातले, उभी हयात उसात गेलेली. जाळीच्या डब्यांतून वीतभर-दीड वीत लांबीचे तुकडे जात होते, वर काळसर, कापलेल्या टोकाला पांढरे. ते डबे मोजत होते, मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, "टोळी कुठाय?" टोळी नव्हती. कोपी नव्हती, बैल नव्हते, डोक्यावर मोळी घेतलेली बाई नव्हती. १९७० चं दशक संपेपर्यंत इथली तोडणी पूर्ण यंत्रावर गेली. पण त्याआधी इथेही माणसंच तोडत होती. १८६३ पासून चाळीसेक वर्षांत पॅसिफिक बेटांवरून ६० हजारांहून जास्त मजूर आणले गेले, पुष्कळांना फसवून किंवा पळवून. मग १९०१ च्या कायद्यानं त्यातल्या बहुतेकांना घालवूनही दिलं. राहिलेल्यांचे वंशज मकायभोवती मोठ्या संख्येनं आहेत. मागून इटालियन आले. इंगहॅममधल्या दुकानांच्या पाट्यांवर ती आडनावं आजही वाचाल.

जळीत ऊस

बर्डेकिन नदीच्या भागात, एअर आणि होम हिलला, तोडणीआधी फड पेटवायची पद्धत अजून आहे. बाकी बहुतेक ठिकाणी १९८० च्या दशकापासून हिरवा ऊस तोडून पाचट रानातच पसरतात. संध्याकाळी एकदम उभी ज्वाळा दिसली तर घाबरू नका, पंधरा-वीस मिनिटांत विझते.

- रस्त्यावर धूर आला तर दिवे लावा, वेग कमी करा. धुराच्या आत गाडी उभी करू नका.
- दम्याचा पंप दप्तराच्या तळाशी नको, हाताशी हवा.
- दोरीवरचे कपडे चार वाजता काढा. पाचटाची राख काळ्या भुरभुरीसारखी उतरते आणि झटकली तर पांढऱ्या सदऱ्यावर रेघ ओढत जाते. हात न लावता वाळू द्या, मग फुंका. सासूबाईंच्या साडीवर आम्ही हे उशिरा शिकलो.

फडात शिरू नका

ऊस दिसला की आपला हात शिवशिवतो, एक कांडं मोडून सोलावं वाटतं. इथे नाही. शेत खाजगी असतं ही एक गोष्ट. दुसरी जास्त गंभीर : रोग पसरू नयेत म्हणून क्वीन्सलंडमध्ये उसासाठी जैवसुरक्षेचे सहा विभाग आखलेत, आणि परवानगीशिवाय एका विभागातला ऊस दुसऱ्यात नेता येत नाही. चिखलाचे बूट, चाकाला चिकटलेली मातीही धोक्याची. टली भागात केळीच्या बागांना २०१५ मध्ये पनामा रोग सापडल्यापासून तिथले शेतकरी अनोळखी गाडी बांधावर दिसली तरी अस्वस्थ होतात.

हौस भागवायची तर मकायजवळच्या सरीना गावात शुगर शेड आहे. छोटेखानी कारखाना, ऊस ते साखर समजावून सांगतात, चाखायलाही देतात. इंगहॅमहून अर्ध्या तासावरच्या लुसिंडाला साखर बोटीत चढवायचा पावणेसहा किलोमीटरचा धक्का समुद्रात गेलेला दिसतो. त्याच्यावर जाता येत नाही, पण किनाऱ्यावर उभं राहून टोक शोधायचा खेळ मुलांना पुरतो.

मकायहून युंगेलाचं जंगल बघायला जाणार असाल तर कॅरव्हॅन खालीच पायोनिअर खोऱ्यात सोडून जा. घाट फार चढाचा आहे.

पाण्याजवळ

इथे मी कडक बोलणार आहे. ग्लॅडस्टनच्या आसपासपासून उत्तरेला खाऱ्या पाण्याच्या मगरी आहेत, आणि नाव खारं असलं तरी त्या नदीत, ओढ्यात, पुलाखालच्या डोहातही असतात. काठापासून निदान पाच मीटर दूर राहा, मुक्काम पन्नास मीटर दूर. भांडी घासायला, हातपाय धुवायला काठावर बसायची आपली सवय इथे जिवावरची आहे.

जेलीफिशचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे. त्या दिवसांत जाळीच्या आत आणि अंगभर सूट घालूनच समुद्रात उतरा. डंख झाला तर चोळू नका, भरपूर व्हिनेगर ओता आणि ००० ला फोन करा. मुलांना डुंबायचंच असेल तर मकाय, एअर्ली बीच आणि केर्न्सला फुकट, राखणदार असलेले तलाव आहेत. बबिंडाच्या बोल्डर्सला नेमून दिलेल्या जागेतच पोहा. खालचा डेव्हिल्स पूल कितीही शांत दिसला तरी तिथे बरेच जीव गेले आहेत.

आईबाबांचा विमा

क्वीन्सलंडच्या रहिवाशांना रुग्णवाहिका फुकट असते, पर्यटक आईबाबांना नाही. भारताशी ऑस्ट्रेलियाचा वैद्यकीय सेवेचा करारही नाही. म्हणून आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब धरून घेणारी पॉलिसीच घ्या. औषधं पूर्ण सहलीची बरोबर ठेवा. भारतातल्या चिठ्ठीवर इथला औषधवाला गोळ्या देत नाही. फोनमध्ये इमर्जन्सी प्लस ॲप टाका, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस असताना आपण कुठे आहोत हे तेच सांगू शकतं.

ओटा, वीज आणि संडास

फोडणी देण्याआधी छताची झडप उघडा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारचे लोक धावत येतात. गाडी चालू असताना गॅस सिलिंडर बंद. पार्कातल्या विजेला १५ अँपिअरची वायर लागते, घरातली साधी वायर जोडू नका. खरकटं पाणी नळीनं नेमलेल्या जाळीतच सोडा.

आता संडास. बाहेरच्या बाजूला एक छोटं दार असतं, त्यात वीसेक लिटरची डबी. चार माणसांत ती दोन-तीन दिवस पुरते. पार्कात असाल तेव्हा पार्कचाच संडास वापरा, म्हणजे पाच दिवस जातात. डबी फक्त डंप पॉइंटवर रिकामी करायची, झुडपात नाही, पार्कच्या संडासात नाही. हातमोजे घाला, ओतताना हवेचं बटण दाबून धरा म्हणजे उडत नाही, दोनदा खळबळा, मग औषध आणि थोडं पाणी. एकूण काम चार मिनिटांचं. आमच्याकडे पहिल्या दिवशी यावरून बरीच चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर सासरे कुणाला न विचारता डबी धुऊन, उन्हात पालथी घालून, चहाची वाट बघत बसले होते.